कुत्रा द्यायचा, तर पुरता द्या

आज 7 डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. यंदा तो रविवारी आला आहे. त्यामुळे सरकारी कार्यालयांतले कार्यक्रम एखादा दिवस मागेपुढे होतील, पण व्हायचे ते सगळे होईल. वीरमाता आणि वीरनारींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल. लाल, गडद निळ्या आणि आकाशी पट्ट्यांचा छोटा ध्वज पाहुण्यांच्या खिशाला टोचला जाईल. मागच्या वर्षी निधीचे उद्दिष्ट किती टक्के गाठले ते सांगितले जाईल आणि यंदाचे उद्दिष्ट खातेप्रमुखांना वाटून दिले जाईल. 1949 पासून हे चालू आहे. या प्रथेची टिंगल करण्याचे कारण नाही. शाळेतल्या पोरांनी डब्यात टाकलेल्या नाण्यांतून कुणाच्या तरी मुलीची फी भरली जाते, हे खरे आहे.

या निधीतून काय द्यायचे, ती यादी मात्र फारशी बदललेली नाही. मुलांच्या शिक्षणाला मदत, मुलीच्या लग्नाला अनुदान, हलाखीत असलेल्या वृद्ध माजी सैनिकाला दरमहा काही रक्कम, अपंगत्व आलेल्याला बदल करून घेतलेली स्कूटर. या यादीत प्रशिक्षित कुत्र्याची भर घालावी का, हा आजचा विषय आहे. नंदुरबारमध्ये हा प्रश्न विचारला तर पहिले उत्तर काय येईल ते ठाऊक आहे. अक्राणीतल्या पाड्यांवरून बाळंतिणीला अजून बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते, नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना चालवावा लागतो, आणि तुम्ही कुत्र्याचे काय घेऊन बसलात? आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर देता आले नाही, तर हा विषय सोडून द्यावा एवढा रास्त आहे.

परवाच्या गुरुवारी दत्तजयंती झाली आणि तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरली. एकमुखी दत्ताचे दर्शन घेऊन माणसे घोडेबाजाराकडे वळतात. तिथला जाणकार घोड्याचे दात बघतो, भोवरे मोजतो, चाल पाहतो आणि मग रुमालाखाली बोटे धरून भाव बोलतो. जनावर शिकवून तयार करणे ही दोन वर्षांची चिकाटी असते, घाईने शिकवलेले घोडे ऐन गर्दीत बिथरते, हे इथल्या माणसाला शहरातल्या सल्लागाराने समजावून सांगायला नको. अमेरिकेच्या कायद्यात साहाय्यक प्राणी म्हणून मुख्यतः कुत्र्याला मान्यता असली, तरी ठेंगण्या जातीच्या घोड्यांसाठीही वेगळी तरतूद आहे. सारंगखेड्यात हे सांगितले तर कुणी चकित होणार नाही, फक्त तो घोडा केवढ्याला मिळतो ते विचारतील. दत्ताच्या पायाशी तर चार कुत्री बसलेलीच असतात. तेव्हा परकेपणाचा मुद्दा इथे फारसा टिकत नाही.

आंधळ्या माणसाला वाट दाखवणारा कुत्रा पद्धतशीर शिकवून द्यावा, ही कल्पना मुळात सैनिकांसाठीच रुजली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने आणि तोफगोळ्यांनी डोळे गेलेल्या जर्मन सैनिकांसाठी 1916 मध्ये ओल्डेनबुर्ग येथे अशी शाळा निघाली. जर्मनीतल्या या पद्धतीची वार्ता अमेरिकेत पोहोचली, आणि मॉरिस फ्रँक नावाचा एक अंध तरुण व बडी नावाची त्याची कुत्री यांच्या अनुभवातून 1929 मध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी 1943 मध्ये देहरादूनला सेंट डन्स्टन्सचे वसतिगृह सुरू झाले. अंधांसाठीची आजची राष्ट्रीय संस्था त्याच वाटेने वाढली. ब्रेल आले, काठी आली, विणकाम आले. कुत्रा तेवढा आला नाही.

पुढे या कुत्र्यांची कामे वाढली. कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाच्या हातून मोबाईल खाली पडला, तर तो उचलून हातात देणे. दार दोरीने ओढून उघडणे. दिव्याचे बटण पंजाने दाबणे. खुर्चीवरून माणूस घसरला तर घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलावून आणणे. कान गेलेल्याला दारावरची थाप कळवणे. आणि ज्याच्या अंगावर एकही जखम दिसत नाही, पण जो रात्री दोनला ओरडत उठतो, त्याची चादर ओढून, छातीवर डोके टेकवून त्याला त्या स्वप्नातून बाहेर काढणे. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांमुळे हे शेवटचे काम चर्चेत आले.

हे सगळे ऐकायला गोड आहे, आणि इथेच सावध व्हायला हवे. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने संसदेच्या आदेशावरून या विषयाचा मोठा अभ्यास केला. पहिला प्रयत्न कुत्र्यांच्या प्रशिक्षणाच्या आणि आरोग्याच्या तक्रारींमुळे मध्येच थांबवावा लागला. नव्याने आखलेल्या अभ्यासात मानसिक आघात झालेल्या सैनिकांचे दोन गट केले. एका गटाला कामे शिकवलेले कुत्रे दिले, दुसऱ्याला नुसते शांत, माणसाळलेले कुत्रे दिले. कामे शिकवलेल्या कुत्र्यांच्या सोबतीत आघाताची लक्षणे थोडी अधिक उतरली आणि आत्महत्येचे विचार कमी झाले. पण रोजचे व्यवहार पार पाडण्याची क्षमता आणि जगण्याचा एकूण दर्जा यांत दोन्ही गटांत विशेष फरक दिसला नाही. म्हणजे कुत्रा हे औषध नव्हे. तरीही आत्महत्येचा विचार कमी होणे ही काही किरकोळ गोष्ट नाही. 2021 मध्ये तिथे कायदा झाला आणि सैनिकांनी स्वतःच असे कुत्रे शिकवण्याचा पाच वर्षांचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाला. दुसऱ्यासाठी कुत्रा तयार करता करता शिकवणाराही सावरतो, असा त्यामागचा विचार.

त्या देशाचा एक नियम आपल्याला अधिक उपयोगाचा आहे. दृष्टी, श्रवण आणि हालचाल यांतल्या अपंगत्वासाठी तिथले खाते कुत्रा विकत घेऊन वाटत नाही. मान्यताप्राप्त संस्थेने तयार केलेला कुत्रा सैनिकाला मिळाला, की त्याचा पशुवैद्यकीय विमा आणि पट्टा-खोगीर यांचा खर्च खाते उचलते. खाण्याचा खर्च सैनिकाचा. यातले शहाणपण असे, की सरकारने स्वतःकडे घेतली ती वर्षानुवर्षे चालणारी जबाबदारी. आपल्याकडे नेमके उलटे होण्याचा धोका आहे. मंत्रिमहोदयांच्या हस्ते कुत्रा दिला जाईल, फोटो निघेल, आणि चौथ्या महिन्यात त्याला गोचीडताप आला की फौजीच्या बायकोने कुठे जायचे ते कुणाला ठाऊक नसेल.

अपंगत्व आलेल्या सैनिकासाठी महाराष्ट्रात काहीच नाही असे मुळीच नाही. किंबहुना देशात सर्वांत जुनी आणि चांगली सोय आपल्या पुण्यात आहे. पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी सैनिकांसाठी 1917 मध्ये मुंबईत निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला आली आणि आजही माजी जवानांना हाताला काम शिकवते. 1944 पासून पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. सुरुंगावर पाय पडलेले किती तरी जवान तिथे पुन्हा चालायला शिकले. ऑपरेशन पराक्रमच्या वेळी सीमेवर पेरलेल्या सुरुंगांनी आपल्याच माणसांचे पाय नेले, त्या काळात या केंद्रावर केवढा भार पडला असेल याची कल्पना करता येते. मणक्याला इजा झालेल्यांसाठी 1974 पासून खडकीलाच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तिथले जवान चाकांच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात, तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. आणि सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर तर 1965 च्या युद्धात गोळ्या झेलून 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. त्यांना पद्मश्री मिळायला 2018 साल उजाडले, पण तो वेगळ्या अग्रलेखाचा विषय आहे.

खडकीच्या केंद्रात उतार आहेत, रुंद दारे आहेत, परिचारक आहेत, आणि मुख्य म्हणजे आपल्यासारखीच माणसे आहेत. जो घरी परततो त्याचे काय, हा प्रश्न उरतो. साताऱ्यातल्या अपशिंग्यासारख्या गावात घरटी फौजी असतो. तिथे चाकांची खुर्ची पारावर आली तर चार जण उठून जागा देतात आणि कोणत्या पलटणीत होता त्यावरून गप्पा सुरू होतात. नंदुरबारकडे तशी दाट फौजी वस्ती नाही. 1825 मध्ये औट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याने धरणगावात खानदेशातल्या भिल्लांची पलटण उभी केली, तो इतिहास आहे. पण अलीकडच्या काळात सातपुड्यातला मुलगा सैन्यापेक्षा राज्य राखीव दलात किंवा केंद्रीय राखीव दलात अधिक दिसतो. आठ-दहा गावांत मिळून एखादाच माजी सैनिक. सगळे त्याला ‘मेजर’ म्हणतात, मग तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला का असेना. एकटा असतो तो.

आणि गाव कसे, तर एका टेकडीवर चार घरे, दुसऱ्या टेकडीवर तीन, मध्ये नाला. चाकांची खुर्ची इथे ओट्यापर्यंतच जाते. बदल केलेल्या स्कूटरला रस्ता लागतो, तो पावसाळ्यात वाहून गेलेला असतो. मग सगळा भार एका माणसावर पडतो आणि ते माणूस बहुधा बायको असते. उठवणे, बसवणे, कूस बदलून देणे, पाठीला जखम होऊ नये म्हणून तेल लावणे. शेतावर जायचे तर कुणाला तरी घरी बसवून जायचे. अनेकदा ते ‘कुणी तरी’ म्हणजे शाळा सोडलेला मुलगा असतो. आक्षेपाला उत्तर द्यायचे ते इथे. ॲम्ब्युलन्स आणि कुत्रा यांत निवड करायची नाही. ॲम्ब्युलन्स सगळ्यांसाठी आहे आणि ती आलीच पाहिजे. पण ती आजाराच्या दिवशी येते. ज्या दिवशी काहीच घडत नाही, नवरा ओट्यावर एकटा आहे, तांब्या कलंडला आहे आणि बायको नाल्यापलीकडे निंदणीला गेली आहे, अशा तीनशे दिवसांसाठी सरकारकडे आज काय आहे? खुर्ची जिथे अडते त्या पायवाटेने कुत्रा सहज जातो आणि तिला बोलावून आणू शकतो.

मात्र हाच कुत्रा तिच्या डोक्यावर आणखी एक काम होऊन बसण्याची शक्यता तेवढीच आहे. त्याला खायला कोण घालणार, धुणार कोण, जंताचे औषध कोण आठवणीने देणार? मेजरनेच, जेवढे त्याला शक्य आहे तेवढे. जिथे हे कार्यक्रम नीट चालतात तिथे कुत्र्याच्या रोजच्या देखभालीत त्या माणसाला ओढून घेतात, कारण कुणाची तरी काळजी घ्यावी लागणे हा त्याच्यासाठी उपचाराचाच भाग असतो. इतकी वर्षे सगळे त्याचेच करत आलेले असतात. कुणाला तरी त्याची गरज आहे, ही भावना परत यायला हरकत नाही. पण बायकोला विचारल्याशिवाय कुत्रा देऊ नये. अर्जावर तिची सही वेगळी घ्यावी. आणि ती नको म्हणाली तर तो अर्ज तिथेच थांबावा.

सातपुड्यातले घर हे कॅलिफोर्नियातले घर नव्हे. इथे कोंबड्या माणसांच्या पायात फिरतात, शेळ्या रात्री घरातच असतात. पाठलाग करण्याचा स्वभाव असलेला कुत्रा इथे पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याची कोंबडी धरील आणि मेजरची गावात शोभा होईल. तळोदा, शहादा, अक्कलकुवा या पट्ट्यात उसात बिबटे मुक्कामाला आहेत. अंगणात बांधलेला कुत्रा हे त्यांचे सोपे जेवण. म्हणजे कुत्रा घरात झोपला पाहिजे, आणि हे घरच्यांना मान्य असले पाहिजे. मे महिन्यात पारा चाळिशी कधीच ओलांडून गेलेला असतो, तेव्हा दाट केसांचा लॅब्राडोर दुपारी जीभ काढून पडून राहील. जगभर या कामाला लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर घेतात ते त्यांचा स्वभाव मऊ आणि शिकाऊ असतो म्हणून. मुधोळ किंवा कारवानी हा आपल्या उन्हातला कुत्रा, सैन्यानेही मुधोळला संधी दिली. पण तो नजरेने शिकार टिपून धावणारा गडी आहे. तासन्‌तास खुर्चीशेजारी बसून राहणे हे त्याच्या रक्तात नाही. गावठी कुत्र्याचा विचार का करू नये? उत्तराखंड पोलिसांनी रस्त्यावरच्या पिल्लाला शिकवून ‘ठेंगा’ नावाचा तपासी कुत्रा तयार केला होता. शंभर गावठी पिल्लांतून शांत स्वभावाची दहा निवडून बघायला काही कोटी लागत नाहीत. ही प्रस्तुत लेखकाची आशा आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, एवढे नमूद करतो.

जातीपेक्षा वेळ महत्त्वाचा. असा कुत्रा तयार व्हायला सुमारे दोन वर्षे लागतात. दोन महिन्यांचे पिल्लू आधी एखाद्या कुटुंबात वाढते, तिथे त्याला बाजार, एसटी स्टँड, लग्नाचा बँड, फटाके, लहान मुले, सगळ्याची सवय होते. मग प्रशिक्षकाकडे काही महिने कामे शिकते. शेवटी ज्या माणसाकडे जायचे त्याच्याबरोबर काही आठवडे राहून दोघे एकमेकांना शिकतात. बरीच पिल्ले या वाटेवर गळतात, आणि ती गळू देण्याची तयारी लागते. कुत्र्याच्या कामाची वर्षे आठ-दहा. म्हणजे एका सैनिकाला आयुष्यात दोन-तीन कुत्रे लागतील, आणि प्रत्येक वेळी एक मृत्यूही सोसावा लागेल. ज्याने सोबत्यांचे मृत्यू पाहिले आहेत त्याला हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे.

या विषयावर बोलताना कुणी तरी एक सोपी युक्ती हमखास सुचवतो. सैन्याचे निवृत्त कुत्रे निवृत्त सैनिकांना द्या. कल्पना मनाला भिडते. सुमारे दशकापूर्वीपर्यंत सेवेतून बाद झालेल्या लष्करी कुत्र्यांना मरण दिले जाई. न्यायालयात याचिका गेली, बोभाटा झाला आणि धोरण बदलले. आता मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात त्यांचा सांभाळ होतो, ते दत्तकही दिले जातात. काही कुत्रे विशेष मुलांच्या सोबतीलाही देण्यात आले आहेत. ऑक्टोबर 2022 मध्ये अनंतनागच्या चकमकीत गोळ्या लागूनही मागे न हटलेल्या ‘झूम’ची बातमी आपण सगळ्यांनी वाचली आहे. अशा कुत्र्याचा म्हातारपणी फौजीच्या पायाशी विसावा व्हावा, हे कुणाला आवडणार नाही? पण म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या कुत्र्याला दार ओढायला लावणे म्हणजे त्याची दुसरी नोकरी सुरू करणे. स्फोटके हुंगण्यात किंवा हल्ला करण्यात आयुष्य गेलेल्या कुत्र्याला नव्याने ही कामे शिकवता येतीलच असेही नाही. सोबत म्हणून द्यावा, जरूर द्यावा. त्याला साहाय्यक श्वान म्हणून कागदावर मोजू नये. सरकारी आकडेवारीत असे घोटाळे फार लवकर रुळतात.

दुसरी अडचण कायद्याची आहे आणि ती सध्या वाढली आहे. गेल्या 7 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बस स्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातून मोकाट कुत्री हटवण्याचा आदेश दिला. कुत्रा चावलेल्या लेकराला घेऊन लस शोधत फिरणाऱ्या बापाला हा आदेश योग्यच वाटेल. पण आता एखादा अंध माजी सैनिक पट्टा धरून नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयाच्या दारात उभा राहिला, तर पहारेकरी त्याला आत सोडील का? न्यायालयाचा रोख मोकाट कुत्र्यांवर आहे, पण पहारेकऱ्यासाठी कुत्रा तो कुत्राच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार मोजले, साहाय्यक साधनांची तरतूद केली. साहाय्यक श्वान म्हणजे काय आणि त्याला कुठे जाऊ द्यायचे, हे मात्र त्यात नाही. विमानात प्रशिक्षित मार्गदर्शक कुत्र्याला प्रवाशाजवळ बसू देण्याचा नियम आहे. रेल्वेच्या सर्वसाधारण नियमात मात्र कुत्रा ब्रेकव्हॅनमधल्या पेटीत जातो, किंवा पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे तुमच्या नावावर असेल तर तुमच्याबरोबर. नंदुरबारहून विमान कुठे सुटते? इथला माणूस सुरत-भुसावळच्या गाडीने जातो किंवा एसटीने. एसटीचा वाहक घंटी वाजवून त्याला खाली उतरवणार नाही, एवढा एक परिपत्रकाचा कागद राज्य सरकार आजही काढू शकते. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

पैशाचे म्हणाल तर तत्त्व आधीच मान्य झालेले आहे. शंभर टक्के अपंगत्व असलेल्या आणि दुसऱ्याच्या मदतीवाचून ज्याचे चालत नाही अशा सैनिकाला निवृत्तिवेतनासोबत परिचर भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिन्याला 6,750 रुपये ठरला. एवढ्यात दिवस-रात्र राहणारा माणूस मिळत नाही हे उघड आहे, पण मदतनीस लागतो आणि त्याचा खर्च सरकारने द्यायचा, ही गोष्ट सरकारने कबूल केलेली आहे. त्या मदतीत चार पायांचा मदतनीस बसवायला फार मोठी उडी मारावी लागत नाही. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून श्रवणयंत्रे आणि कृत्रिम अवयव मिळतात. त्याच धर्तीवर कुत्र्याच्या लसी, औषधे आणि उपचार मंजूर करता येतील. ध्वजदिन निधीवर सगळा बोजा टाकू नये. तो निधी सुरुवातीच्या प्रयोगाला ठीक आहे, पण वर्षानुवर्षांची जबाबदारी देणगीच्या डब्यावर ठेवणे बरे नव्हे.

प्रशिक्षण कुठे, या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या नकाशावर आहे. शिवाजीनगरला राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर 3,329 किलो आरडीएक्स हुडकून काढणारा मुंबई पोलिसांचा ‘जंजीर’ इथेच तयार झाला होता. लोकलने पुढचे स्टेशन खडकी, जिथे मणक्याच्या दुखापतीचे जवान राहतात. कृत्रिम अवयव केंद्र त्याच शहरात, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय त्याच शहरात. कुत्रे शिकवणारे हात, अपंगत्व समजणारे डॉक्टर आणि ज्यांच्यासाठी हे करायचे ती माणसे, सगळे एका शहरात इतकी वर्षे शेजारी राहत आहेत. त्यांना एका टेबलाभोवती बसवायला ना जागा घ्यावी लागते, ना इमारत बांधावी लागते. लष्करातून निवृत्त झालेले श्वान-हॅण्डलर महाराष्ट्रात आहेत. त्यांना या कामावर घेतले, तर माजी सैनिकाच्या पुनर्वसनाचा आणखी एक दरवाजा उघडेल. कुत्र्याशी पहाटे चारला उठून बोलणारी ही माणसे निवृत्तीनंतर एटीएमच्या दारात बसलेली पाहून वाईट वाटते.

लाभ कोणाला, हेही आत्ताच ठरवून घ्यावे. गडचिरोलीत किंवा बस्तरमध्ये भूसुरुंगात पाय गमावलेला केंद्रीय राखीव दलाचा जवान सरकारी व्याख्येत ‘माजी सैनिक’ नाही. सैनिक कल्याण कार्यालयाचे दार त्याच्यासाठी उघडत नाही. राज्य राखीव दलाच्या जवानाचेही तसेच. सातपुड्यातली बरीच मुले याच दलांत आहेत, हे वर सांगितलेच. योजना सैनिक कल्याण विभागाच्या चौकटीत बंद केली, तर नंदुरबारच्या वाट्याला तिच्यातले जवळपास काहीच येणार नाही.

नंदुरबारमध्ये नव्या गोष्टी सुरू होत नाहीत असे नाही. 29 सप्टेंबर 2010 ला देशातले पहिले आधार कार्ड याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. पंतप्रधान आले, हेलिपॅड झाले. 2018 मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाव लागले. प्रयोगांसाठी निवडले जाणे हे आता या जिल्ह्याच्या अंगवळणी पडले आहे, आणि प्रयोग संपल्यावर कुणी फिरकत नाही हेही. म्हणून पहिला कुत्रा इथे द्या अशी मागणी आम्ही करणार नाही. पहिले पाच-सात कुत्रे पुण्याजवळच राहू द्या, जिथे चूक झाली तर दोन तासांत प्रशिक्षक पोहोचतो. इथे त्याआधी करण्यासारखी दुसरी कामे आहेत. जिल्ह्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांना गुरांची, शेळ्यांची, कोंबड्यांची सवय आहे. 2006 मध्ये देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापुरात झाला तेव्हा या खात्याने दिवस-रात्र काम केले, लम्पीच्या साथीतही गोठे पालथे घातले. कुत्र्याचा सांधा, कुत्र्याचे मूत्रपिंड हा मात्र त्यांच्या रोजच्या कामाचा भाग नाही. निदान सहा तालुक्यांच्या ठिकाणी एकेका डॉक्टरला त्याचे प्रशिक्षण देता येईल, आणि त्याचा फायदा गावातल्या रेबीज लसीकरणालाही होईल.

आणि एक यादी करावी लागेल. धुळ्यातून दोन जिल्ह्यांचा कारभार पाहणाऱ्या सैनिक कल्याण कार्यालयाकडे निवृत्तिवेतनाचे कागद असतील. पण कोण ओट्याच्या पलीकडे किती वर्षांत गेलेला नाही, कुणाची रात्र जागून जाते, कुणाच्या घरी आधीच कुत्रा आहे आणि कुणाला कुत्र्याची भीती वाटते, हे कागदावर नसते. ते तलाठ्याला, आशा सेविकेला, पोलीस पाटलाला ठाऊक असते. केंद्रीय दलांतले आणि राज्य राखीव दलातले जायबंदी जवान धरून अशी यादी करायला ध्वजदिन निधीतला रुपयाही खर्च होणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी उद्या सोमवारी आदेश काढला, तर 26 जानेवारीला पालकमंत्री झेंडावंदनाला येतील तोवर ती त्यांच्या हातात देण्याइतकी पुरी झालेली असेल.